ओढ्याकडच्या घराचं माणूस

मी मराठीत लिहिलेला पहिला कागद माझ्यासाठी नव्हता. तो दुसऱ्याच्या वतीने केलेला अर्ज होता आणि त्याच्याखाली उमटलेला अंगठा आमच्या शेजारच्या वहिनींचा होता. त्याला आता चार-पाच वर्षं झाली. मी त्याविषयी कोणाशी बोललेले नाही. पण परवा कॉलेजात आमच्या प्राध्यापकांनी विलायतेतल्या नव्या योजनेवर व्याख्यान दिलं. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांचा भार सगळ्या देशाने मिळून कसा उचलायचा, ते त्यांनी फार छान समजावलं. शेवटी ते म्हणाले, "एकाचं संकट सगळ्यांनी वाटून घ्यायचं, ही कल्पना आपल्याकडे अगदी नवीन आहे." मला हात वर करावासा वाटला. केला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

त्या वर्षी मी मॅट्रिक झाले होते. शाळा पुण्याच्या लष्कर भागातली, इंग्रजी, आणि राहणंही तिथेच. आई मी लहान असतानाच गेली. वडील भोरला संस्थानच्या कचेरीत होते. त्यांनी ठरवलं, की कॉलेजचं एक वर्ष थांबू, पावसाळाभर मी मावशीकडे राहावं, चार पदार्थ शिकावे आणि माणसांशी मराठीत बोलायला लागावं. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, वेल्ह्याच्या पुढे तोरण्याच्या पायथ्याला एका लहानशा गावात मास्तर होते. शाळेला लागूनच दोन खोल्यांचं त्यांचं बिऱ्हाड होतं.

बोलायला मला जमत नसे. वाक्य मनात आधी इंग्रजीत यायचं, मग मी ते उलटवून घ्यायची, तोपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. त्यामुळे मी नुसती बघत असे. बघताना आपल्याला सगळं कळतंय असं वाटतं. तीच माझी चूक झाली.

मी गेले तेव्हा गावात आवणी चालू होती. भाताची रोपं आधी एका तुकड्यात दाट वाढवतात, मग ती उपटून, मुठी बांधून, चिखल केलेल्या खाचरांमध्ये ओळीने लावतात. रोपं कोणासाठी थांबत नाहीत. वेळेत लावली नाहीत तर जागच्या जागी जून होतात आणि वर्षाचं भात हातचं जातं. एका घराच्या हातांनी हे उरकत नाही, म्हणून सावड करतात. अकरा घरांची सावड होती. एकाचं शेत झालं की दुसऱ्याचं, मोठ्या शेताला दोन-तीन दिवस, आणि रोज प्रत्येक घरातून एक माणूस आलंच पाहिजे. बाई असो की बाप्या, चपळ असो की सावकाश, घरटी एक. भाकरी ज्याची त्याने आणायची, कालवण त्या दिवशीच्या शेतवाल्याचं.

उजाडलं की आक्का शाळेसमोरच्या बांधावर येऊन हाका मारत. आक्का साठीच्या होत्या, उंच, वाळक्या, डोक्यावर पानांचं इरलं. सगळा गाव त्यांना आक्काच म्हणायचा. त्या माणसांची नावं घेत नसत, घरांना हाका मारत.

"वरलं घर?"

"हाय."

"देवळाम्होरलं घर?"

"हाय की."

"चिंचंखालचं घर?"

"आलं, आलं. तंबाकू मळतंय."

"मळा बाबा. रोपं थांबल्यात तुमच्या तंबाकूसाठी."

आणि शेवटी, "वढ्याकडलं घर?"

ओढ्याकडचं घर आमच्या शेजारचं. तिथे दादा आणि वहिनी दोघंच राहत. दादा बैलजोडी घेऊन चिखलणीला जात, म्हणजे खाचरात औत फिरवून चिखल करायला. वहिनींना आठवा महिना होता. त्या मला 'ताई' म्हणत, दारातून जाताना काहीतरी देत, कधी फणसाच्या भाजलेल्या आठळ्या, कधी नुसतं एक फूल. माझ्या उत्तराची वाट बघत नसत. मला त्या त्यामुळेच आवडायच्या.

एके दिवशी वरल्या घराच्या खाचरात औत हाकताना दादांचा पाय बांधावरून घसरला. बैल पुढे ओढत गेले आणि नडगी मोडली. चौघांनी त्यांना घोंगडीत घालून आणलं. वेल्ह्याकडून हाड बसवणारा आला, त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दोन महिने उठायचं नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी उभी होते. आक्कांनी नेहमीसारख्या हाका मारल्या. वरलं घर, देवळाम्होरलं घर, चिंचंखालचं घर. दहा घरं झाली आणि त्या चालायला लागल्या. ओढ्याकडच्या घराला हाक मारलीच नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशीही नाही. रोज सावड आमच्या समोरून जायची, दुसऱ्यांची शेतं हिरवी होत होती आणि ओढ्याकाठची दादांची दोन खाचरं तशीच पाण्याने भरलेली होती. वहिनी दारात उभ्या राहून जाणारी माणसं बघायच्या. मला वाटलं, माणूस देता येत नाही म्हणून त्यांना काढून टाकलं. मनात इतका राग आला की मी स्वतःच दचकले. पण कोणाला विचारलं नाही. विचारायला लागणारं मराठीच माझ्याजवळ नव्हतं.

त्याच दिवसांत भोरहून वडिलांनी इंग्रजी वर्तमानपत्रांचा गठ्ठा पाठवला. संध्याकाळी शाळेच्या पडवीत चार माणसं टेकायला येत, आक्काही येत. काका मला म्हणाले, "विलायतेतलं काहीतरी वाच ना. लढाई सोडून." मी नाही म्हणाले. पण मावशीने कंदील माझ्याजवळ आणून ठेवला, मग वाचावं लागलं. तिकडे एक योजना निघणार होती. मी अडखळत सांगितलं, की प्रत्येकाने दर आठवड्याला थोडं थोडं सरकारात भरायचं, मग कोणी आजारी पडलं, काम सुटलं, म्हातारं झालं, तर सरकार त्याला देणार. बाळंतपणालासुद्धा.

"समद्यास्नी?" आक्कांनी विचारलं.

"सगळ्यांना."

"सायबालाबी?"

"साहेबालाही. भरायचं सगळ्यांनी आणि मिळायचंही सगळ्यांना."

"मंग सावडच झाली की ती. फकस्त मोटी."

चिंचेखालच्या घरचे गृहस्थ तंबाखू चोळत म्हणाले, "आन् येकादा भरीनाच झाला तर?"

पेपरात ते नीट दिलं नव्हतं. 

"तुमी यीत न्हाई तवा आमी काय करतो?" आक्का म्हणाल्या. "इचारतो, का आला न्हाईत म्हून. तिकडंबी इचारत असतील."

सगळे हसले. मी हसले नाही. मला वाटलं, इथे बसून ही माणसं विलायतेचं कौतुक ऐकताहेत आणि शेजारच्या घराला एक हाक मारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका सहज म्हणाले, की संस्थानच्या धर्मादायातून निराधारांना धान्य मिळतं, अर्ज करावा लागतो. मी त्या दुपारी दार लावून अर्ज लिहिला. मराठी शुद्धलेखनाची मला भीती वाटे, म्हणून तीन वेळा लिहिला. जोर यावा म्हणून मी त्यात सगळं घातलं. अर्जदाराचा पती पाय मोडून निरुपयोगी झाला आहे. अर्जदार गरोदर आहे. त्यांची जमीन पडून आहे. गावात त्यांस मदत करणारे कोणीही नाही.

वहिनींकडे कागद घेऊन गेले तेव्हा त्या चुलीपुढे होत्या. मी म्हटलं, दरबारातून मदत मिळेल, इथे अंगठा लावा.

"काय ल्हिवलंया, ताई?"

त्यांना वाचून दाखवायला हवं होतं. पण माझं मराठी मोठ्याने वाचायचं, तेही दादा पलीकडे पडलेले असताना, याची मला लाज वाटली. मी म्हणाले, "तुमची हकीकत." त्यांनी चुलीतली काजळी अंगठ्याला लावली आणि मी दाखवली त्या जागी दाबली. काकांनी नुसत्या वरच्या दोन ओळी पाहिल्या आणि "अक्षर चांगलं आलंय" म्हणून कागद भोरला धाडला.

तो वडिलांच्या हातून पुढे गेला म्हणून की काय, आठवड्याच्या आत एक कारकून चौकशीला आला. वयस्कर, सौम्य, भिजलेल्या धोतराचा. पाऊस थांबत नव्हता म्हणून जबाब देवळात झाला. सावडीची माणसं शेतातून तशीच आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. मी मावशीच्या मागे खांबाशी उभी होते. कारकुनांनी चष्मा पुसला आणि माझा अर्ज वाचला.

शेवटचं वाक्य झालं तशा आक्का पुढे सरकल्या.

"परत वाचा," आक्का म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं. गावात त्यांस मदत करणारे कोणीही नाही.

"म्हंजी आमी मेलो म्हनायचं," चिंचेखालचे म्हणाले. कोणीतरी हसलं आणि मधेच थांबलं.

कारकुनांनी नियम सांगितला. हे खरं असेल तर धर्मादायातून चार महिन्यांचं धान्य मिळेल. पण गाव जर यांचं शेत लावून देत असेल, तर यांना निराधार म्हणता येत नाही. "दोन्ही एका वेळी होत नाही. तेव्हा खरं काय ते सांगा, तेच लिहितो."

आक्कांनी दाराकडे पाहिलं. दाराशी वहिनी बसल्या होत्या, पदर तोंडावर धरून. मग आक्का म्हणाल्या, "ल्हिवा. खरं हाय म्हून ल्हिवा. कुनी न्हाई त्यास्नी. धान्य तरी मिळंल पोरीला."

त्या वेळी मला कळायला हवं होतं, पण तेव्हाही नीट कळलं नाही. 

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. इतक्या माणसांसमोर त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तसं ल्हिऊ नगा."

कारकुनांनी टाक खाली ठेवला. "सकाळपर्यंत विचार करा. मी मास्तरांकडे मुक्कामाला आहे."

माणसं उठली. जाता जाता चिंचेखालचे म्हणाले, "दरबारानं हात धरल्यावर आता सावडीचं काय काम? आमच्या पायास्नी तरी इसावा." ते हसून म्हणाले, पण कोणी त्यांना गप्प केलं नाही. ओढ्याकाठच्या रोपांचे शेंडे पिवळट व्हायला लागले होते, ते मी त्याच सकाळी पाहिलं होतं. आणखी आठवडाभर, त्याहून जास्त नाही.

मी दिवेलागणीला वहिनींकडे गेले. दारातच उभी राहिले. दादा पडल्या पडल्या म्हणाले, "या ताई. अगं, निरुपयोगी मानसाला जरा पानी दे आन् ताईस्नी बसाय टाक." ते हसत होते. मी रडायला लागले.

वहिनींनी मला रडू दिलं. मग विचारलं, "मला वाचून का दावलं न्हाई?"

"लाज वाटली."

"कशाची?"

 मग मी जे इतके दिवस विचारलं नव्हतं ते विचारलं. त्यांनी तुम्हाला सावडीतून काढलं का? आक्का हाक का मारत नाहीत?

वहिनींनी मला शेजारी बसवलं. "काढलं न्हाई, ताई. सावडीत ज्याची रोपं आधी तयार, त्याचं शेत आधी. आमची उशिरा टाकलेली. आमचा दिस शेवटचा हुता, पयल्यापासनं."

"मग हाक?"

"हाक मारली असती तर म्या गेली असती. अशा पोटानं चिखलात उतरली असती. आक्कास्नी म्हाईत हाय माजा सोभाव. म्हून मारली न्हाई."

 मी खिडकीतून दहा दिवस बघितलं होतं आणि गावाची माया मला शिक्षा वाटली होती.

वहिनी चुलीतली लाकडं मागे ओढत हळू म्हणाल्या, "पर खरं सांगू? मलाबी ती हाक ऐकायची सवय झालीया. समद्यांच्या घराला हाक आन् आपल्याला न्हाई, जिवाला बरं वाटत न्हाई. लोक करत्यालबी आमचं शेत. पर आपलं मानूस न्हाई त्यात, तर ते उपकार झालं. आन् दरबाराचं धान्य खाल्लं तर पुढल्या साली कोन म्हनंल, वढ्याकडलं घर सावडीत हाय म्हून?"

त्या रात्री पंक्तीला कारकून माझ्या अक्षराचं कौतुक करत होते. मी मावशीला हळूच सांगितलं, मावशीने काकांना, काकांनी त्यांना, की अर्जातलं शेवटचं वाक्य चुकीचं आहे. ते भात कालवत म्हणाले, "असू शकेल. पण वाचन गावासमोर झालं आहे. दुरुस्ती व्हायची तीही गावासमोरच. ज्याला सांगायचं त्याने तिथे सांगावं."

सकाळी आक्का बांधावर आल्या. माणसं जमली. कारकून पडवीत चहा घेत होते. हाका सुरू झाल्या. वरलं घर. देवळाम्होरलं घर. मी उंबऱ्यावर उभी होते आणि इंग्रजीतलं वाक्य मराठीत करत होते, ते होईना. मग मी ते करणं सोडलं आणि पायऱ्या उतरून चिखलात गेले.

"तो अर्ज मी लिहिला," मी म्हणाले. "ते खरं नाहीये. मला माहीत नव्हतं. मी कोणाला विचारलं नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. पडवीतून कारकून म्हणाले, "मग काय लिहू, बाई?"

"लिहा, की यांना गाव आहे. यंदा फक्त एक माणूस कमी आहे."

"येक मानूस कमी," चिंचेखालचे म्हणाले. "मंग मानूस द्या की. अर्ज करून मानूस मिळतंय व्हय दरबारात?"

या खेपेला हसले ते सगळे. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. पायांत शाळेतल्या चपला होत्या, चिखलात बुडालेल्या.

"कागद ल्हिवनारी यील का?" त्या म्हणाल्या.

ती थट्टा होती की प्रश्न, ते मला अजून माहीत नाही. मी होकाराची मान हलवली. आक्का वळल्या आणि नेहमीच्या आवाजात त्यांनी हाक दिली, "वढ्याकडलं घर?"

"आहे," मी म्हणाले.

"हाय म्हना, ताई. न्हाईतर रोपं भ्यायची," मागून कोणीतरी म्हणालं.

मावशी दारात आली होती. "हिच्या वडिलांना मी काय सांगू?" ती काकांना म्हणाली. काका म्हणाले, "सांग, भात लावायला गेली." मावशीने मला आत नेलं, स्वतःचं जुनं नऊवारी लुगडं काढलं आणि मला नेसवलं.  कारकुनांनी अर्ज मागे घेतल्याचं लिहिलं, वहिनींचा अंगठा घेतला, आणि या वेळी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

मी सहा दिवस इतर घरांच्या शेतांवर सावडीला गेले. पहिल्या दिवशी मागे मागे सरकत मी लावलेली रोपं माझ्यासमोरच पाण्यावर तरंगायला लागली. आक्का माझ्या शेजारच्या ओळीत होत्या. त्या एकेक रोप उचलून पुन्हा खोचत आणि मला काही म्हणत नसत. दुपारी त्यांनी माझा अंगठा धरून चिखलात दाबला. "हितं. मुळं खाली, बोट भाईर. वढायचं न्हाई, सोडायचं." माझ्या इंग्रजी शाळेत मला कोणी काही इतक्या थोड्या शब्दांत शिकवलं नव्हतं.

जेवायला सगळे जांभळाखाली बसले. माझ्याजवळ मावशीने दिलेल्या पोळ्या होत्या. आक्कांनी नाचणीच्या भाकरीचा तुकडा माझ्यापुढे केला आणि हात मधेच थांबवला. "तुमास्नी चालंल का?" मी तुकडा घेतला आणि माझी पोळी त्यांच्या फडक्यावर ठेवली. त्यांनी ती तशीच बाजूला ठेवली. मला वाटलं, खाणार नाहीत. संध्याकाळी परतताना पाहिलं, तर ती त्यांच्या नातवाच्या हातात होती.

तिसऱ्या दिवसापासून माझ्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या. मावशी रोज संध्याकाळी गरम पाण्याने पाय धुऊन बेचक्यांत तेल-हळद भरी. आमच्यात तोवर फारसं बोलणं झालं नव्हतं. त्या सहा दिवसांत तिने मला माझ्या आईच्या पायांबद्दल सांगितलं. ते माझ्या पायांसारखेच होते, लांब बोटांचे, आणि तिलाही पावसात हेच व्हायचं.

सातवा दिवस ओढ्याकाठच्या खाचरांचा होता. उजाडायच्या आधीच वरल्या घरची बैलजोडी तिथे चिखलणी करत होती. त्यांच्या शेतात दादांचा पाय मोडला होता, त्यांनी त्याबद्दल तोंडाने कधी काही म्हटलं नाही, पण आदल्या दिवशी दादांचे बैल नेऊन धुऊन आणले होते. चिंचेखालचेही आले. तंबाखू मळत नव्हते. वहिनींनी पहाटेच उठून मोठ्या टोपात वालाचं कालवण केलं होतं. दादांना दोघांनी खाटेसकट उचलून दारात आणून ठेवलं.

"निरुपयोगी मानसानं नुसतं बघायचं," दादा म्हणाले. "ह्याच्यापरीस मोटं काम न्हाई."

आक्का बांधावर उभ्या राहिल्या. त्या दिवशी हाकांची काही गरज नव्हती, सगळे समोरच होते. तरी त्यांनी मारल्या. वरलं घर. देवळाम्होरलं घर. एकेक आवाज आला. पावसाची भुरभुर होती आणि ओढ्याच्या आवाजामुळे त्यांना मोठ्याने ओरडावं लागत होतं.

"वढ्याकडलं घर?"

"हाय," मी म्हणाले. आणि त्याच वेळी माझ्या मागून, दारातून, टोपाशी उभ्या असलेल्या वहिनीही म्हणाल्या, "हाय."

आक्कांनी डोळे बारीक केले. "घरटी येक म्हनून ठरलंया. दोन कुठनं आली?"

 मी खाली बघितलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला, पण त्या हसत होत्या, ते मला न बघता कळलं.

"ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाल्या आणि लुगडं वर खोचून पाण्यात उतरल्या. "चला, रोपं वाट बघत्यात."

दुपारी ऊन पडलं, थोडा वेळच. तोवर एक खाचर लावून झालं होतं. दुसऱ्याचा ओढ्याकडचा कोपरा राहिला होता, तो माझ्या वाट्याला आला. मी मुळं खाली, बोट बाहेर, असं मनात म्हणत लावत गेले. शेवटची मूठ संपली तेव्हा मी कंबर सरळ करून समोर पाहिलं. माझी ओळ वाकडी होती. पण रोपं उभी होती, एकही तरंगत नव्हतं. आक्का माझ्या शेजारच्या ओळीत नव्हत्याच. त्या केव्हाच बांधावर जाऊन बसल्या होत्या आणि वहिनींच्या हातचं कालवण खात होत्या.